क्लचबाई आणि पोस्टासमोरचा थोरला

क्लचबाईंचं खरं नाव त्यांच्या लायसन्सवर होतं, पण ते वाचायची वेळ कधी कुणावर आली नाही. चौकातल्या पोलिसालाही त्यांना थांबवून लायसन्स मागायचा धीर झाला नसता, कारण गाडी चालवायला तोही त्यांच्याकडेच शिकला होता. गावातली निम्मी माणसं त्यांच्याकडेच शिकली होती. शिकवताना त्या मोजकेच शब्द वापरत: 'आरसा', 'अहो' आणि 'क्लच'. त्यातला 'क्लच' असा काही सुटायचा, की शेजारून जाणाऱ्या गाडीतल्या माणसाचाही पाय आपोआप खाली जाई. बँकेतला कारकून तर शपथेवर सांगतो, की एकदा खिडकीतून ती हाक आली आणि त्यानं टेबलाखाली पाय दाबला.

बाई ठेंगण्या होत्या. समोरचं दिसावं म्हणून त्या उशीवर बसत. ती उशी त्यांच्या दादानं शिवून दिली होती. दादा शिंपी. घराच्या पुढच्या खोलीत त्याचं मशीन, मधल्या खोलीत बाईंचा पलंग आणि गाडीचे सुटे भाग, मागे स्वयंपाकघर. स्वयंपाकघरात वहिनींचं राज्य, गाडीत बाईंचं. दोन्ही राज्यांत दादा प्रजा होता आणि सुखी होता.

पण बाईंच्या शिकवण्याचा खरा ग्रंथ म्हणजे गावचे रस्ते. ते होते तसे होते, आणि बाईंनी त्यांतूनच धडे बसवले होते. पहिल्या आठवड्यात छापखान्याच्या गल्लीतली चिल्लीपिल्ली, म्हणजे ताटलीएवढे खड्डे. ते दोन चाकांच्या मधून काढायचे. मग दवाखान्यासमोरची जुळी. तिथे वेग कमी करायचा आणि अर्ध्या क्लचवर डुलत डुलत बाहेर पडायचं. आणि हे सगळं अंगवळणी पडलं, की शेवटी पोस्टासमोरचा थोरला.

थोरला ऐन वळणावर बसला होता, रस्त्याची डावी बाजू सगळी अडवून. पावसाळ्यात कुणीतरी त्यात गंमत म्हणून कागदी होडी सोडली, ती पलीकडे पोचलीच नाही म्हणतात. तो चुकवायची एक रीत होती. आरसा बघायचा, सिग्नल द्यायचा, उजवीकडे अर्धा वळसा, लगेच डावीकडे परत. समोरून येणाऱ्यानं पोस्टाच्या फाटकाशी थांबायचं आणि हात वर करायचा. वळसा घेणाऱ्यानं मान लववायची. हे इतकं सवयीचं झालं होतं, की एकमेकांशी बोलणं टाकलेले दोन भाऊसुद्धा थोरल्यापाशी हात वर करत आणि मान लववत. पुढे गेले की पुन्हा अबोला.

आता कुणी म्हणेल, बाईंना या खड्ड्याचं कौतुक होतं. छे! बाई त्याच्या हात धुऊन मागे लागल्या होत्या. गाडी तिरकी लावायचा धडा त्या मुद्दाम नगरपालिकेच्या दारात देत. शिकणारा घामाघूम होऊन गाडी मागे-पुढे करत असे, तेवढ्यात बाई वर जाऊन थोरल्याची तक्रार करून येत. गाडी नीट लागली नाही तर, "पुन्हा लावा, मी पुन्हा जाऊन येते," म्हणत. हात जड असलेल्या शिकाऊ माणसामुळे नगरपालिकेला एका दुपारी चार चार वेळा क्लचबाई भोगाव्या लागत.

तिथे उत्तर ठरलेलं. बांधकाम विभाग म्हणे, "रस्ता आमचा खरा, पण तो खोदला पाणीपुरवठ्यानं. त्यांनी बुजवावा." पाणीपुरवठा म्हणे, "आमचा नळ जमिनीखाली. वरचं आम्हाला काय ठाऊक?" बाई जिना उतरताना म्हणत, "या खड्ड्याला दोन बाप, आणि दोघंही तोंड लपवून बसलेत!"

त्या वर्षी बांधकाम विभागात नवा इंजिनिअर आला. नवा कसला, याच गावचा, बाईंचाच शिष्य. कॉलेजात असताना त्यानं नगरपालिकेच्या दारातलं कुंपण दोनदा पाडलं होतं. तो खुर्चीवर बसला त्याच दुपारी बाई दारात उभ्या राहिल्या.

"बाई! या ना, बसा."

"बसायला नाही आले. खाली एकजण गाडी तिरकी लावतोय, कुंपणाला हात जोडून आलेय. थोरल्याचं काय?"

"बाई, मला आज जरा फायली तर बघू द्या."

"फायलीत काय बघतोस? तू स्वतः पडलायस त्यात. विसरलास? डोक्याला टेंगूळ आलं होतं, आणि तू म्हणालास, 'मोठा होऊन मी हा खड्डा बुजवीन.' झालास ना मोठा?"

इंजिनिअरनं नकळत कपाळावरून हात फिरवला. शेजारच्या टेबलावरची टंकलेखिका तोंडाला पदर लावून हसत होती.

याच सुमारास घरात एक वेगळंच प्रकरण शिजत होतं. वहिनी गावच्या वाचनालयात पुस्तकांना कव्हरं घालत आणि फाटक्या पानांची बांधणी करत. वाचनालयाची एक गाडी होती. तिच्या पोटात फळ्या, फळ्यांवर पुस्तकं. ती बाहेरच्या वस्त्यांवर जात असे. तिचा ड्रायव्हर म्हातारा होऊन घरी बसला आणि गाडी शेडमध्ये उभी राहिली. समिती म्हणाली, विकून टाकू. ते ऐकून पन्नाशी ओलांडलेल्या वहिनी, ज्यांनी घरी कधी चढ्या आवाजात मीठसुद्धा मागितलं नव्हतं, समितीपुढे जाऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "मी चालवीन."

समितीनं चष्मे काढले, पुसले, परत घातले. "लायसन्स आहे?"

"होईल."

"महिनाअखेरपर्यंत दाखवा. नाहीतर गिऱ्हाईक तयार आहे."

घरी येऊन त्यांनी हे सांगितलं, तेव्हा दादाच्या मशीनची सुई मोडली. बाईंना मात्र आनंदानं काय करू नि काय नको असं झालं. "वहिनी! इतकी वर्षं एका घरात राहिलो आणि तुम्ही एका शब्दानं बोलला नाहीत!"

"वन्सं, तुम्ही विद्यार्थ्यांना कशा ओरडता ते मी ऐकते ना रोज," वहिनी म्हणाल्या. "म्हणून बोलले नाही."

परीक्षा घ्यायला एक परीक्षक बाहेरगावाहून येत. उंच, शांत गृहस्थ. मांडीवर पुठ्ठा, हातात पेन्सिल. पहिल्या वेळी वहिनींची गाडी सुरूच झाली नाही. दुसऱ्या वेळी सुरू झाली, पण ती थेट थोरल्यात गेली, परीक्षकांचं डोकं छतावर आपटलं आणि पेन्सिल आजतागायत सापडलेली नाही. महिनाअखेरच्या आत परीक्षकांचा यायचा आता एकच वार उरला होता, येता गुरुवार.

मग बाईंनी वहिनींना थोरल्याच्या वळशावर असं काही घोटून घेतलं, की बोलायची सोय नाही. सकाळी वळसा, दुपारी वळसा. वहिनी स्वयंपाकघरात डाव घेऊन ओट्याजवळून चालल्या तरी मधेच उजवीकडे झुकून पुन्हा सरळ होत. दादा म्हणाला, "अगं, तिथे काही नाहीये." वहिनी म्हणाल्या, "माहितीये हो. हात ऐकत नाहीत." गावात वहिनींइतका देखणा वळसा घेणारं कुणी उरलं नाही. समोरून येणारे फाटकाशी थांबून हात वर करायचं विसरत आणि नुसते बघत राहत.

आणि त्याच आठवड्यात पोस्टमन पडला. सायकलवरून, पत्रांच्या पिशवीसकट, थोरल्यात. खांद्याचं हाड मोडलं. इतके दिवस थोरला म्हणजे गावाची थट्टा होती. हात गळ्यात बांधलेला पोस्टमन पोस्टाच्या बाकावर बसलेला दिसू लागला आणि थट्टा घशाशी आली. बाई तर वहिनींचा धडा अर्धा टाकून त्याला बघायला गेल्या.

नगरपालिकेच्या सभेत पुन्हा तेच सुरू झालं, रस्ता कुणाचा आणि नळ कुणाचा. तेव्हा इंजिनिअर उठून उभा राहिला. म्हणाला, "पडणारा माणूस खाली नळ कुणाचा आहे ते विचारून पडत नाही. रस्ता नगरपालिकेचा आहे. कुणीही खोदला तरी तो चालण्याजोगा ठेवायचं काम आपलं. पोस्टमनच्या औषधपाण्याचंही आपणच बघायचं. पाणीपुरवठ्याशी मी नंतर भांडेन, आधी खड्डा बुजवतो." इतकं सरळ वाक्य तिथे फार दिवसांत कुणी बोललं नव्हतं.

मंगळवारी सकाळी खडी आली, डांबर आलं, रोलर आला. रोलरवाला मागे-पुढे, मागे-पुढे करत राहिला. दुपारी रस्ता असा गुळगुळीत झाला, की पोस्टमन बाकावरून उठून एका पायानं त्यावर सरकून आला. बाईंनी शिकवण्या बंद ठेवल्या आणि फुटपाथवर उभं राहून सगळं डोळे भरून पाहिलं. इंजिनिअरच्या पाठीवर त्यांनी अशी थाप मारली, की त्याची टोपी पडली.

"शाबास! कुंपणाचं पाप फिटलं बघ तुझं."

संध्याकाळी मोठ्या थाटात त्या वहिनींना घेऊन निघाल्या. "चला वहिनी, आज उद्घाटन आपल्या हातून." पोस्टाचं वळण आलं. समोर काळाभोर, सपाट रस्ता. आणि वहिनींनी आरसा बघितला, सिग्नल दिला, उजवीकडे सुरेख वळसा घेतला, आणि डावीकडे परत आल्या.

"अहो! वहिनी! खड्डा कुठाय?"

"नाहीये."

"मग?"

"मला काय विचारता? तुम्हीच शिकवलंत!"

पुन्हा गेल्या. पुन्हा वळसा. तिसऱ्या खेपेला बाईंनी स्वतः 'सरळ, सरळ, सरळ' म्हणत जप केला, आणि वहिनी 'हो, हो, हो' म्हणत वळल्या. बाई घामाघूम झाल्या. परीक्षक काय लिहिणार ते त्यांना डोळ्यांपुढे दिसत होतं: कारण नसताना उजव्या बाजूला गेली, नापास. पुस्तकांची गाडी गिऱ्हाइकाच्या दारात.

त्या उतरल्या आणि वळणावर उभ्या राहिल्या. पाववाल्याची गाडी आली. वळसा. डॉक्टरांची आली. वळसा. पोलीस मोटारसायकलवरून आला, थाटात वळला आणि बाईंना सलाम करून गेला. बाईंनी मटकन पोस्टमनच्या बाकावर बसकण मारली.

"दुपारपासून हेच चाललंय," पोस्टमन म्हणाला. "मी म्हटलं, मलाच भास होतोय औषधांनी."

बुधवारी सकाळी नगरपालिका उघडायच्या आत बाई इंजिनिअरच्या दारात. या वेळी खाली कुणी गाडी लावत नव्हतं.

"बाई, आता काय? खड्डा तर बुजवला!"

"तेच सांगायला आले. उकर."

"काय?"

"उकर म्हटलं. उद्या दुपारपर्यंतच. परीक्षा झाली की परत बुजव. मी स्वतः खडी ओतते हवं तर."

इंजिनिअरनं हातातला चहाचा पेला खाली ठेवला. "बाई, ज्या खड्ड्यासाठी तुम्ही हा जिना झिजवलात, तो आता पाडून हवाय?"

"आमच्या वहिनींचा हात बसलाय रे त्यावर! ती पुस्तकांची गाडी..."

"आणि आज रात्री कुणी पडलं त्यात, तर?" तो हळूच म्हणाला. "सकाळी माझ्यासमोर कोण उभं राहील? तुम्हीच ना?"

पोस्टमनचा गळ्यातला हात त्यांच्या डोळ्यांपुढे आला. एवढ्या वर्षांत जिथे त्या कधी बसल्या नव्हत्या, त्या खुर्चीवर त्या बसल्या.

"नाही, नाही," त्या म्हणाल्या. "वेड लागलंय मला. बोलले ते विसर. पण एक सांगते, वळसा एकट्या वहिनींचा नाही. सगळं गाव वळतंय. तुझ्या डांबराला अजून एकही चाक लागलेलं नाही."

हे मात्र इंजिनिअरच्या वर्मी लागलं. टोपी डोक्यावर घालायचं विसरून तो बाईंबरोबर धावत वळणावर आला. समोरून एकामागून एक गाड्या त्याच्या नव्या रस्त्याला बगल देऊन जात होत्या. त्याला राहवेना. लोकांना दाखवावं, रस्ता पक्का आहे, म्हणून तो जाऊन बरोबर थोरल्याच्या जागी उभा राहिला आणि उड्या मारू लागला. "बघा! भक्कम आहे! या, या, सरळ या!"

आणि लोक आणखीच लांबून वळू लागले.

"अरे, तू मधे उभा आहेस!" बाई फुटपाथवरून ओरडल्या. "आता तर वळावंच लागेल ना त्यांना!"

पोस्टमन इतका हसला, की त्याला दुखरा खांदा धरून बसावं लागलं. तेवढ्यात हसण्यावारी न्यायचं नाही असं एक घडलं. समोरून दुधाची गाडी आली. तिच्या चालकानं नवा रस्ता पाहिला होता, त्यामुळे तो फाटकाशी थांबला नाही. इकडून पाववाल्यानं वळसा घेतला. दोघांचे ब्रेक किंचाळले, आणि दोन गाड्यांची नाकं एकमेकांना शिवायला हातभर राहिली. पावांच्या लाद्या पुढच्या काचेवर येऊन आदळल्या.

इंजिनिअर पांढराफटक पडला. "बाई," तो म्हणाला, "खड्डा बुजवला म्हणजे रस्ता दुरुस्त झाला असं मला वाटलं. अजून झाला नाही. तो होईपर्यंत माझीच जबाबदारी."

त्यानं रोलरवाल्याला बोलावलं. अर्ध्या तासात रस्त्याच्या मधोमध डांबराची रिकामी पिंपं ओळीनं उभी राहिली. आता उजवीकडे जायची सोयच नव्हती. उपाय नामी होता. एवढंच, की आता गाड्या पिंपांपर्यंत येऊन थांबू लागल्या. उजवीकडे जाता येईना आणि सरळ जायला पाय धजेना. डॉक्टर काच खाली करून म्हणाले, "यावर गाडी घालायची? नक्की ना?" मागे भोंगे वाजू लागले. पार वाचनालयापर्यंत रांग लागली. रोलरवाला डोकं धरून म्हणाला, "साहेब, खड्डा होता तेव्हा बरं होतं हो, वाहतूक तरी चालू होती."

तेव्हा क्लचबाईंनी पदर खोचला. त्या वळणाच्या कोपऱ्यावर ठेवलेल्या एका उलट्या पिंपावर चढल्या, छातीत वारा भरून घेतला, आणि ओरडल्या, "डॉक्टर! क्लच! पहिला गिअर! सरळ!"

डॉक्टरांचा पाय डोक्याला न विचारता खाली गेला. गाडी निघाली, सरळ, थोरल्याच्या जागेवरून, आणि पलीकडे गेली. काहीच झालं नाही. डॉक्टरांनी मागे वळून असं पाहिलं, की जणू नदी पायी ओलांडून आले.

"पुढचा! पाववाले! बघताय काय? क्लच! सरळ!"

मग काय विचारता! बाई एकेकाला ओळखीनं हाक मारत होत्या, आणि जुने विद्यार्थी एकेक करून सरळ जात होते. "बँकवाले, आरसा नंतर बघा, भांग नीटच आहे! सरळ!" "अहो शिलाई कॉलेजच्या बाई, डोळे उघडून!" "पोलीस! सलाम नको, दोन्ही हात हँडलवर!" पलीकडे पोचलेला प्रत्येकजण भोंगा वाजवी, फुटपाथवरची माणसं टाळ्या पिटत. काहीजणांना ते इतकं आवडलं, की चौकातून फिरून ते पुन्हा रांगेत आले. अबोला धरलेले दोन भाऊ समोरासमोर आले. आता थांबायचं कारण उरलं नव्हतं. पण दोघांनीही सवयीनं हात वर केले, आणि मग दोघंही खो खो हसत सुटले. दिवस मावळेपर्यंत हे चाललं. वहिनीही त्यात कितीदा तरी सरळ गेल्या.

फक्त संध्याकाळी घरी येऊन बाईंनी "वहिनी, चहा" म्हणायला तोंड उघडलं, तेव्हा आतून वारा आला. आवाज नाही. मिठाच्या पाण्याच्या गुळण्या झाल्या, गळ्याला दादानं शिवलेला पट्टा झाला. काही उपयोग नाही. क्लचबाईंचा आवाज बसला होता.

गुरुवारी परीक्षक आले. त्यांनी वळणाशी गाडी थांबवली आणि पिंपांकडे पाहिलं.

"हे काय आहे?"

इंजिनिअर म्हणाला, "साहेब, लोकांच्या सोयीसाठी."

"परीक्षेच्या रस्त्यावर असला आडोसा चालणार नाही. अशानं कुणीही सरळ जाईल. काढा."

पिंपं काढली. मोकळा रस्ता वहिनींकडे बघू लागला आणि वहिनी त्याच्याकडे. मग त्या परीक्षकांबरोबर गाडीत बसल्या आणि गावातून फेरी मारायला निघून गेल्या. वळणावर उरले बाई, इंजिनिअर, पोस्टमन आणि दादा. दादा दुकान बंद करून आला होता आणि एका ग्राहकाच्या अर्ध्या शिवलेल्या बाहीला घट्ट धरून उभा होता.

छापखान्याकडून गाडी येताना दिसली. वहिनींनी आरसा बघितला. बाईंना दुरून ते मान वळवणं दिसलं. आरसा झाला की सिग्नल, सिग्नल झाला की वळसा. सिग्नल लुकलुकायला लागला. उजवा.

बाईंनी 'सरळ!' असं ओरडायला तोंड उघडलं. हवा आली. इंजिनिअर म्हणाला, "मी ओरडू?" बाईंनी त्याच्या दंडाला असा चिमटा काढला, की तो कळवळला. बाहेरून कुणी काही सांगितलं तर परीक्षार्थी नापास. हा नियम त्यांनी स्वतः पिढ्यांना शिकवला होता. आता फक्त बघायचं.

आणि गाडी थांबली.

डांबराच्या नव्या ठिगळाच्या अलीकडे, आपल्या बाजूला, नीट. सिग्नल बंद झाला. काही होईना. मागे दुधाची गाडी येऊन उभी राहिली. तिनं एक भोंगा दिला. वहिनी हलल्या नाहीत. काचेतून दिसत होतं, की त्या स्टेअरिंगवरच्या आपल्या दोन हातांकडे बघताहेत, कुणी हट्टी मुलांकडे बघावं तशा. परीक्षकांची पेन्सिल पुठ्ठ्यावर टेकलेली. दादानं ती बाही तोंडात धरली.

मग गाडी सुरू झाली. हळूहळू, मुंगीच्या चालीनं, पण सरळ. पुढची चाकं नव्या डांबरावर चढली, मागची चढली. आणि नेमक्या त्या क्षणी परीक्षकांनी दोन्ही हातांनी छताजवळची मूठ गच्च धरली, मान खाली घातली आणि डोळे मिटून घेतले. गाडी पुढे गेली. त्यांनी एक डोळा उघडला. मग दुसरा.

पलीकडे पोस्टाच्या फाटकाशी त्यांनी गाडी थांबवायला सांगितलं. बाई, इंजिनिअर आणि दादा जवळ धावले.

"मधे का थांबलात?" परीक्षक विचारत होते.

वहिनींचा आवाज नेहमीसारखा हलका होता. "हात उजवीकडे जायचं म्हणत होते. मला माहीत होतं, तिथे काही नाही. त्यांचं न् माझं एकमत होईना. मग म्हटलं, दोघांचं जमेपर्यंत थांबलेलं बरं. चालत्या गाडीत भांडण नको."

"मागची गाडी भोंगा वाजवत होती."

"तिला घाई होती, साहेब. मला खात्री नव्हती."

परीक्षकांच्या लक्षात आलं, की एक हात अजून वरच्या मुठीलाच आहे. तो त्यांनी हळूच खाली घेतला. त्यांचा चेहरा लाल झाला, ओठ थरथरले, आणि तो शांत, उंच माणूस पुठ्ठ्यावर डोकं टेकवून हसू लागला. हसता हसता त्यानं कागदावर काहीतरी लिहिलं, आणि ते लिहून झाल्यावरही हसतच होता.

"बाई," खाली उतरून ते वहिनींना म्हणाले, "खात्री नसेल तेव्हा थांबणारे मला फार कमी भेटतात. तुमची पुस्तकं सुखरूप पोचतील."

दादाच्या तोंडातून बाही गळून पडली. इंजिनिअरनं टोपी उडवली. पोस्टमननं एका हातानं बाकावर ताल धरला. क्लचबाई वहिनींना काहीतरी फार मोठं बोलायला गेल्या आणि नुसतं 'हह' असं झालं. मग त्या सरळ वहिनींच्या गळ्यात पडल्या.

"पुरे वन्सं, पुरे," वहिनी म्हणाल्या. "रस्त्यात आहोत. बसा, घरी सोडते."

बाई बसल्या. घर दोन गल्ल्यांवर होतं, पण वहिनी वळल्या नाहीत. छापखान्याच्या गल्लीतून गेल्या, दवाखान्यासमोरून डुलत गेल्या, वाचनालयाच्या शेडपाशी थांबून आतल्या गाडीला बघून आल्या, आणि बाजूला बसलेल्या वन्संना सगळा वेळ सांगत राहिल्या. तो कोपरा किती अरुंद आहे, कोणत्या वस्तीवर आधी जायचं, तिथल्या म्हातारीला कुठलं पुस्तक हवं होतं, ते कुणी दोन वर्षं परत केलं नाही. बाईंना एक अक्षर मधे घालता येत नव्हतं.

घराच्या दारात दादा पायी येऊन पोचलाही होता. कुलपाची किल्ली हातात घेऊन तो उभा होता.

"अगं, होतात कुठे दोघी? मी चालत आलो तरी आधी पोचलो!"

वहिनींनी गाडीचं मागचं दार उघडलं.

"कुलूप राहू द्या. बसा मागे," त्या म्हणाल्या. "पिशव्या सरकवा त्या. आणि वन्सं, याच्या पुढचा रस्ता मला ठाऊक नाही, हातानं दाखवा. कुठेही जाऊ."